आईसाठी घेतलेले इअरफोन

गावी, खाप्याच्या घरात न्हाणीपाशी पाय घसरून आईचं खुब्याचं हाड मोडलं आणि ती माझ्याकडे राहायला आली. शेजाऱ्यांनी तिला गाडीत घालून नागपूरला आणलं, धंतोलीतल्या एका दवाखान्यात ऑपरेशन झालं, आणि डॉक्टरांनी सांगितलं की आता काही महिने पलंग सोडायचा नाही. भावाचं घर मोठं आहे, पण तिसऱ्या मजल्यावर. माझ्या दोनच खोल्या, पण तळमजल्यावर. त्यामुळे प्रश्नच उरला नाही, असं भाऊ म्हणाला. मी एकटी राहते. एकटीचं घर हे सगळ्यांना रिकामंच वाटतं.

मी धंतोलीतच एका पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर बसते. सकाळपासून उपाशीपोटी ताटकळलेले लोक, कुठून कुठून आलेले, प्रत्येकाला आपला रिपोर्ट आधी पाहिजे. दुपारी घरी येईपर्यंत माझे कान किटून गेलेले असतात. तोपर्यंत आईजवळ एक बाई बसायची. मी आले की ती जायची, आणि मग भांडं देणं, अंग पुसणं, कूस वळवणं, जेवण, गोळ्या, सगळं माझ्याकडे. भाऊ संध्याकाळी ऑफिसमधून परस्पर यायचा, पलंगाशेजारी खुर्ची ओढून बसायचा आणि चहा घेऊन जायचा.

आईला गाण्याचं वेड. खाप्याच्या घरात बाबा हातमागावर बसायचे, आई त्यांच्यासाठी सुताच्या कांड्या भरायची, आणि कोनाड्यात रेडिओ चालू असायचा. मागाच्या खटखटीत गाण्याची अर्धी ओळ बुडून जायची, उरलेली अर्धी कानावर यायची. माझ्या लहानपणीची सगळी गाणी मला अशीच, अर्धी अर्धी पाठ आहेत. पुढे माग बंद पडला, बाबा गेले, रेडिओही बिघडला. तेव्हा मी आईला एक म्युझिक प्लेअर घेऊन दिला होता, काडेपेटीएवढा. त्यात भजनं, अभंग, जुनी सिनेमाची गाणी भरून दिली होती. खाप्याहून तिच्या पिशवीत तो आला, पण त्याचे इअरफोन उंदरांनी कुरतडले होते. आणि त्या प्लेअरला स्वतःचा आवाज नाही, कानात घातल्याशिवाय तो मुकाच.

मी माझ्या जुन्या मोबाइलवर गाणी लावून पाहिली. मध्येच जाहिरात वाजायची. तिचं बोट भलतीकडे लागायचं आणि कोणीतरी माणूस इंग्रजीत बातम्या सांगायला लागायचा. एक दिवस ती म्हणाली, "हे काही मले जमत नाही वं. मले माह्या डबीचं कानात घालाचं आणून दे. दिवसभर छत पाहून राहिली मी."

दुसऱ्या दिवशी लॅबमधून सुटल्यावर मी प्लेअर पर्समध्ये टाकून सीताबर्डीच्या बाजारात गेले. भारीतलं घेणं शक्य नव्हतं, ऑपरेशनच्या खर्चानं माझं कंबरडं मोडलं होतं. पण रस्त्यावरच्या ढिगातलं उचलून आणायचं नाही, एवढं मी ठरवलं होतं. आईच्या कानाजवळ दिवसभर राहणारी वस्तू होती ती.

पहिल्या दोन दुकानांत मला धड उत्तरसुद्धा मिळालं नाही. काचेत सगळे बिनवायरचे, गोट्यांसारखे, चकचकीत डब्यांत. "वायरवाला अब कौन लेता, मॅडम?" एकजण मोबाइलवरून नजर न काढता म्हणाला. मी सांगितलं, आईसाठी पाहिजेत, जुना प्लेअर आहे. तो म्हणाला, "तो प्लेअर ही बदल दो." तिसऱ्या दुकानात गल्ल्यावर माझ्याच वयाचा एक माणूस होता. त्यानं खालच्या खणातून खोका काढला आणि माझ्यासमोर ठेवला. "देखो आरामसे," म्हणाला आणि पंख्याची दिशा माझ्याकडे वळवली. त्या महिन्यात माझ्याशी इतक्या सभ्यपणे वागलेला तो बहुतेक पहिलाच माणूस असेल.

मी एकेक लावून पाहू लागले. पहिले नुसत्या टणक प्लास्टिकचे होते, कानाच्या पाळीत अडकवायचे. मान वळवली की गळून पडत. आई तर आडवी पडून ऐकणार. ते बाजूला ठेवले. दुसऱ्यांत तबला असा धमधमायचा की गाणारा कुठे मागच्या बाकावर बसल्यासारखा वाटे. आजकालच्या पोरांना तसंच लागतं, दुकानदार म्हणाला. तिसरे दिसायला चांगले, वायरीवर बोलायचं बटण असलेले. ते लावले तर अभंगातला गायक नाहीसा झाला. पेटी वाजत होती, टाळ वाजत होते, आणि माणूस मात्र लांब विहिरीत उतरून गात होता. मी प्लेअर बिघडला म्हणून घाबरले. दुकानदारानं ते बटण दाबून धरायला सांगितलं, तसा गायक वर आला. बटण सोडलं की पुन्हा विहिरीत. हे मोबाइलचे आहेत, त्यानं समजावलं, यांच्या पिनवर तीन रेघा असतात. तुमच्या जुन्या डबीला दोन रेघांचीच पिन पाहिजे, बिनमाइकची.

मग खोक्याच्या तळाशी दोन रेघांचे मिळाले. काळे, साधे, कानाच्या आत बसणारे, टोकाला मऊ रबराच्या टोप्या. टोप्यांचे तीन आकार, लहान, मधला, मोठा, एका पुडीत. पिनेच्या मानेशी वायर जाड होती, तिथंच ती तुटते म्हणे. "ये लगाके देखो, दुकान गायब हो जाएगी," तो म्हणाला.

खरंच गायब झाली. मी दुकानाच्या पायरीवर उभी होते. समोरून बस गेली, तिचा आवाज नाही. ऑटोवाले भांडत होते, त्यांची नुसती तोंडं हलत होती. भजनातला प्रत्येक शब्द आख्खा ऐकू येत होता. किती दिवसांनी मला कोणी काही मागत नव्हतं. मी ते भजन संपेपर्यंत तिथेच उभी राहिले आणि मग पैसे दिले.

बसची वाट पाहताना भावाचा फोन आला. मी सांगितलं, आईसाठी इअरफोन घेतले.

"वायरवाले? अगं ताई, काहून कचरा घेते तू? मी चांगले मागवतो ना."

"तिच्या प्लेअरला चालणार नाहीत ते."

"सगळं चालते. तुले माहीत नसते अन् तू आधीच करून बसते."

रविवारी तो खरोखरच बिनवायरचे घेऊन आला, गुळगुळीत पांढऱ्या डबीत. प्लेअरला ते जोडायची सोयच नव्हती. त्यानं अर्धा तास खटपट केली, माझ्यावरच चिडला. "तुले मी आणलेलं कधी चाललंच नाही," असं म्हणून ती डबी टीव्हीवर ठेवून गेला. दुसऱ्या दिवशी भावजयीचा फोन आला की वापरत नसाल तर परत द्या, पोरीला होतील.

आईचे कान लहान आहेत, हे मला मी आणलेले इअरफोन तिला घालून देताना कळलं. पाळ्या जुन्या दागिन्यांनी ओघळलेल्या, पण भोक एवढंसं. सगळ्यात लहान टोपीच बसली. डावं कोणतं, उजवं कोणतं हे समजावलं, प्लेअर सुरू केला. तिचे डोळे मोठे झाले. मग ती ओरडलीच, "भल्लं मस्त वाजते वं!" स्वतःचा आवाज तिला ऐकू येत नव्हता. मी हसले, तीही हसली. तिच्या आजारपणातला तो एवढाच क्षण मला गोड म्हणून आठवतो, आणि तोही आता नीट गोड राहिलेला नाही.

भाऊ संध्याकाळी यायचा तो काही नुसता चहासाठी नव्हे. त्याला खाप्याचं घर विकायचं होतं. सावनेरचं एक गिऱ्हाईक त्यानं पाहून ठेवलं होतं. घर आईच्या नावावर. मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, आई आहे तोपर्यंत त्या घराला हात लागणार नाही.

"ती आता परत जाणार आहे का तिथं? एकटी? या पायानं?"

"जाईल नाहीतर नाही जाणार. तिचं घर आहे."

"पडून राहिलं ते. मागची भिंत बसली. पावसाळ्यात पुरं पडेल."

"मग दुरुस्त कर. मुलगा आहेस ना?"

हे असं रोज. शब्द थोडे इकडेतिकडे. कधी तो म्हणायचा की मला घर एकटीला लाटायचं आहे. कधी मी त्याला विचारायची की आईचं भांडं तू एकदा तरी उचललं का. हे सगळं आईच्या पलंगाच्या दोन बाजूंना बसून चालायचं, कारण दुसऱ्या खोलीत स्वयंपाकघर आणि तिथं दोन माणसं उभीही राहत नाहीत. बाबा ज्यात पाय सोडून मागावर बसायचे तो मागाचा खड्डा अजून त्या घरात आहे. त्यावर फळ्या टाकून आई धान्याचे डबे ठेवायची. कोणीतरी गिऱ्हाईक येऊन तो बुजवणार आणि वर फरशी बसवणार, हा विचार मला सहन होत नव्हता. आई तर काही बोलत नव्हती. मला वाटायचं, बोलायची ताकद नाही तिच्यात, म्हणून तिच्या वाटचंही मीच बोललं पाहिजे.

इअरफोन आल्यापासून ती भाऊ आला की ते कानात घालायची. मला बरं वाटायचं. निदान तिला त्रास नको. भाऊ मात्र म्हणायचा, "तू तिले मुद्दाम हे कानात कोंबून ठेवते, म्हणजे माझं ऐकायलाच नको." मी त्याला म्हणायची, तुझं ऐकण्यासारखं असेल तर ती काढेल.

पुढे पुढे ती दुपारीही ते काढेना. मी लॅबमधून येऊन तिला दिवसभराचं सांगायची, कोण कसं भांडलं, कोणाला सुई पाहून घेरी आली. ती मान हलवायची. मी विचारायची, "ऐकून राहिली ना?" तर हसायची. कधी मी खुणेनं काढायला सांगितलं तर एकाच कानातलं काढायची, तेही माझं वाक्य संपायच्या आत परत जायचं. मी मनाला लावून घेतलं नाही. म्हातारं माणूस, गाण्यात रमतं, असं समजले. पण एक बारीक ठुसठुस राहायची. मी तिचं सगळं करत होते आणि तिला माझ्याशी दोन शब्द बोलावंसं वाटत नव्हतं.

आणि मग तो रविवार आला. भाऊ कागदांची फाइलच घेऊन आला होता. गिऱ्हाईक थांबायला तयार नाही म्हणाला. माझा आवाज चढला, त्याचा चढला. तो म्हणाला, तू लग्न केलं नाहीस म्हणून तुला घरं धरून ठेवायची सवय लागली आहे. मी त्याला म्हणाले ते इथे लिहीत नाही. आई कानात इअरफोन घालून भिंतीकडे पाहत होती. मी तावातावानं उठले आणि पलंगावरची चादर माझ्या पायात अडकून ओढली गेली. चादरीबरोबर इअरफोनची वायर बाहेर आली. तिच्या टोकाची पिन मोकळी होती. पलंगाच्या कडेला नुसती लोंबत होती.

प्लेअर उशीखाली होता. मी काढून पाहिला. बंद. बटण दाबलं, तरी बंद. चार्ज संपून किती दिवस झाले होते कोण जाणे. तो चार्जिंगला लावायचं काम माझं होतं, आणि तिनं मला कित्येक दिवसांत लाव म्हटलं नव्हतं. माझ्याही लक्षात आलं नव्हतं, कारण ती रोज कानात घालून पडलेली दिसायची.

भाऊही पाहत होता. "म्हणजे आई, तू सगळं ऐकून राहिली होती?"

आईनं सावकाश दोन्ही कानांतून ते काढले, वायर बोटाला गुंडाळली. "ऐकू येऊ नये म्हणूनच घातलं होतं गा. हे घातलं की कमी येते. पुरं बंद नाही होत."

"मग बोलली काहून नाही?" मी विचारलं.

"मले कोणी विचारलं?"

"आई, मी तुह्यासाठी भांडून राहिली इतके दिवस."

"माह्यासाठी?" तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. थकलेल्या माणसानं पाहावं तसं. "त्याले विकाचं आहे, अन् तुले जिंकाचं आहे. मी मधात पडून राहिली."

भावाच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी पाहिलं. त्याला हसू नव्हतं आलं, पण सुटल्यासारखं वाटत होतं त्याला. मला जिंकायचं आहे, हे आईच्या तोंडून त्याला मिळालं होतं. तो वर्षानुवर्षं तेच म्हणत आला होता.

मी म्हणाले, "तुझं घर आहे ते. तुझ्या आयुष्याचं घर. मागाजवळ बसून तू रेडिओ ऐकायचीस."

"कवा ऐकला मी रेडिओ?" आई म्हणाली. "तुह्या बाबासाठी चालू राहे तो. मी आवाज वाढवला तर तो म्हणे धागा तुटते. लग्न झालं तवापासून कांड्या भरल्या त्या घरात, रात्र नाही पाह्यली, दिवस नाही पाह्यला. पोटुशी होती तवाही भरल्या. कोणतं सुख पाह्यलं मी तिथं? तुले पाहिजे ते घर, तू जाऊन राह्य." मग भावाला म्हणाली, "दे गा बाबू, कुठं सही कराची आहे?"

तिनं माझ्यासमोर सही केली, उशीवर फाइल टेकवून. तिला चष्मा मीच दिला.

मला काय वाटलं हे सांगणं सोपं नाही. लोकांना वाटेल मला शहाणपण आलं. नाही आलं. मला राग आला आणि तो अजून गेलेला नाही. महिने न् महिने मी तिला उचललं, पुसलं, भरवलं, आणि तिनं मला आणि त्याला एकाच तागडीत टाकलं. तिच्यासाठी निवडून आणलेली वस्तू तिनं माझ्याविरुद्धही वापरली. बाहेरचा आवाज सगळ्यात कमी येतो म्हणून मीच ते घेतले होते, आणि त्या बाहेरच्या आवाजात मीही होते. तिचं म्हणणं खोटं होतं, असं मी म्हणत नाही. पण खरं बोलायलाही एक वेळ असते. भाऊ समोर बसलेला असताना ती वेळ नव्हती.

त्यानंतर आम्ही दोघी फार बोललो नाही. मी प्लेअर चार्ज करून ठेवला. ती कधी ऐकायची, कधी नाही. मी आता पिन लावलेली आहे का हे पाहत नव्हते. पाहायची इच्छाच होत नव्हती. वॉकर धरून ती चार पावलं टाकू लागली, मग मोरीपर्यंत, मग दारापर्यंत. एक दिवस मी कामावरून आले तर ती शेजारच्या बाईचा फोन घेऊन कोणाशी तरी बोलत होती. सावनेरला तिची धाकटी बहीण राहते, माझी मावशी. विधवा आहे, एकटी असते. पुढच्याच आठवड्यात मावशी भाड्याची गाडी घेऊन आली.

"मी हिले नेते," मावशी म्हणाली. "तुले तुही ड्युटी राहते. दमून जाते तू."

मी आईकडे पाहिलं. तिनं पिशवी आधीच भरून ठेवली होती. कपडे, गोळ्या, प्लेअर, इअरफोन, सगळं.

"काहून जाते आई? इथं काही कमी पडलं?"

"कमी नाही पडलं वं," ती म्हणाली. "तू खूप केलं." आणि माझ्या गालावरून हात फिरवला. आभार मानावे तसा.

गाडी गेल्यावर मी पलंगावरची गादी उन्हात टाकली. संध्याकाळी भाऊ आला, त्याला माहीत नव्हतं. दारातून आत पाहिलं, रिकामा पलंग पाहिला. "कुठं गेली?" मी सांगितलं. तो उभ्या उभ्याच म्हणाला, "तूच काहीतरी बोलली असशील." मी दार लावून घेतलं. तेव्हापासून तो आलेला नाही. घर विकलं गेलं, मागाचा खड्डा बुजवला, असं खाप्याच्या एका बाईकडून कळलं. ती लॅबमध्ये शुगर तपासायला आली होती.

मी महिन्यातून एकदा सावनेरला जाते. बसस्टँडवरून मावशीचं घर चालत जाण्याइतकं जवळ आहे. पहिल्यांदा गेले तेव्हा ओसरीवर दोघी बहिणी पाय पसरून मेथी निवडत बसल्या होत्या. आई काहीतरी सांगत होती आणि मावशी तोंडाला पदर लावून हसत होती. आईला मी असं, सलग बोलताना, माझ्या आठवणीत पाहिलेलं नाही. मला पाहिल्यावर ती थांबली. "आली का बाई? बस. चहा मांडते मावशी." मग उन्हाचं विचारलं, बसला गर्दी होती का विचारलं, लॅबमध्ये कसं चाललं आहे विचारलं. पाहुण्याला विचारावं तसं सगळं रीतसर.

मी मावशीला विचारलं, आई गाणी ऐकते का. ती म्हणाली, "कायची गाणी? दिवसभर तर आम्ही बोलूनच राहतो."

मी चहा घेतला. आईनं माझ्या हातात मेथीची जुडी दिली, घरी नेऊन कर म्हणाली. पाचची बस चुकली तर पुढची उशिरा असते, याची तिनंच मला आठवण करून दिली. आता गेल्यावर मी घराचा विषय काढत नाही, भावाचा तर नाहीच. ते दोन्ही वगळल्यावर आमच्याकडे बोलण्यासारखं फारसं राहत नाही. ती निवडत असते ते मी निवडू लागते, आणि बसची वेळ होईपर्यंत मावशी बोलत राहते.